हाकेला ओ मंडळ

माणसं वस्तीला यायच्या फार आधी, माळावरच्या तळ्याकाठी प्राण्यांनी एक मंडळ काढलं. नाव ठेवलं 'हाकेला ओ मंडळ'. शेजाऱ्याच्या अडीनडीला फुकट धावून जायचं, हे त्याचं ब्रीद. टिटवीबाई अध्यक्ष झाल्या, कारण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. सरडा अनुमोदक झाला, कारण त्याची मान आपोआप हलायची.

टिटवीबाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं, "काही लागलं तर नुसती हाक मारा. अगदी अर्ध्या रात्री मारा!" म्हाताऱ्या कासवालाही सांगितलं. कासवाला हाक मारण्याएवढा आवाजच नव्हता, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

एकदा उतारावरून घसरून कासव तरवडाच्या झुडपामागे उताणं पडलं. पलीकडेच मंडळाची सभा चालली होती.

"कासवआजोबा दिसले नाहीत," खारूताई म्हणाली. "बघून येऊ का?"

"हाक आली का त्यांची?" टिटवीबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग? न बोलावता कुणाच्या घरात नाक खुपसायचं नाही."

सरड्याने मान हलवली.

हाक आलीच नाही. म्हणजे कासवआजोबा गेलेच, असं धरून मंडळाने तिथेच शोकसभा घेतली. टिटवीबाईंनी गळा काढला, "एक हाक मारायची होती हो! आम्ही काय मेलो होतो?"

सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. तळ्याकाठी एवढी शांतता पहिल्यांदाच झाली, आणि झुडपामागून दगडावर पाठ घासल्याचा आवाज आला. खर्र. खर्र.

"कोण आहे रे ते?" टिटवीबाई कडाडल्या. "मेलेल्याचा तरी मान राखा!"