भुरीने धरलेली जागा

फार जुनी गोष्ट. एका उघड्याबोडक्या माळावर लहानसं चर्च होतं. रविवारी घंटा झाली की शमुवेल धनगर मेंढरं बाहेर सोडून उपासनेला आत जायचा. माळावर झाड नव्हतं. मग धन्याची वाट बघत मेंढरं कोंडाळं करायची आणि शेजारणीच्या पोटाखाली, तिच्या सावलीत, डोकं घालून दुपार काढायची.

त्यातल्या काजळी मेंढीला या गर्दीचा वीट आला. तिला एकटीपुरतं बोरीचं झुडूप सापडलं होतं. कोंडाळ्यात तिच्या शेजारी उभी राहणारी म्हातारी मेंढी भुरी म्हणाली, "ये गं, घंटा झाली."

"धन्यावर माझाही जीव आहे," काजळी म्हणाली. "त्यासाठी तुमच्यात घुसमटायला कशाला हवं?"

ती झुडपाखाली जाऊन बसली. तिथं छान गारवा होता. असे कितीतरी रविवार गेले.

एका रविवारी ऊन नुसतं आग ओकत होतं. आतली गाणी संपली, दार उघडलं आणि धनी कोंडाळ्याकडे धावत सुटला. काजळीही धावली. भुरी आडवी पडली होती, डोकं भर उन्हात. तिच्या शेजारची जागा मोकळी होती.

"अगं, दुसरीला जवळ का नाही घेतलंस?" काजळी कळवळली.

"घंटा झाली होती ना. तू येशील म्हणून जागा धरून ठेवली." एवढं बोलून भुरीने मान टाकली.

पुढच्या रविवारी घंटा झाली तेव्हा काजळी सगळ्यांच्या आधी आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. तिची सावली शेजारच्या मोकळ्या जमिनीवर पडली होती. उपासना सुटेपर्यंत ती तिथून हलली नाही.