पावसाची वीत

ज्या दिवशी ओल्शाव्का गावाचा चौक आखायला घेतला, त्या दिवशी पहाटेपासून भुरभुर होती, असे सांगतात. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, धुके म्हणावे तर तोंडावरून पाणी निथळते, अशी ती हवा. उन्हाळा सरला की बिस्त्रा नदीवरून ती येते आणि दलदलीवर बसून राहते. मग एका सकाळी वारा फिरतो, टेकडीवरच्या पाइनच्या झाडांतून कोरडा वास येतो आणि लख्ख ऊन पडते. त्या वर्षीही असेच झाले म्हणे. आधी भुरभुर, मग ऊन.

आता तुम्ही उभे आहात तिथूनच दोन्ही रांगा पाहा. उजव्या हाताची रांग वाळूच्या अंगाची, डाव्या हाताची दलदलीच्या अंगाची. दोन्हींत घरे तितकीच. पण डावी रांग आधीच संपते आणि उजवी तिच्यापुढे चांगली गोठाभर जाते. म्हणून आमचा चौक चौकोनी नाही. कुणीतरी चादरीचे एक टोक ओढून घ्यावे तसा तो दिसतो. मागच्या लढाईनंतर सरकारी इंजिनियर आले होते, पोलादी टेप घेऊन. पडझड झालीच आहे, तर आता सरळ करून टाकू म्हणाले. गावाने ऐकले नाही. का ऐकले नाही, ते यारोशच्या गोष्टीत आहे.

यारोश हा मधमाश्या पाळणारा माणूस. नदीपलीकडे जुने गाव होते, तिथे तो राहायचा, आणि त्याच्या कुंपणाला कुंपण लावून बोगुमिल दोर वळायचा. ते गाव जळाले. कुणी जाळले यावर आजवर एकमत नाही, तेव्हाही नव्हते, आणि माणसे एकमेकांकडे तिरप्या नजरेने पाहायला तिथपासूनच लागली असे म्हणतात. त्या मुलखाच्या सरदाराने मग नदीच्या अलीकडे जागा दिली. एका बाजूला दलदल, तिच्यात ओल्शा नावाची झाडे पाण्यात पाय सोडून उभी. दुसऱ्या बाजूला वाळूची टेकडी. मधे ही सपाटी. सरदाराचा कारभारी आला आणि म्हणाला, चिठ्ठ्या टाका, प्रत्येकाला एक दोर रुंद जागा, कमी नाही, जास्त नाही.

दोर अर्थातच बोगुमिलचा. वाखाचा, नवा, तीनपेडी.

चिठ्ठीत यारोशला दलदलीच्या रांगेतली अगदी शेवटची जागा आली. बोगुमिलला वाळूच्या रांगेतली शेवटची. म्हणजे कुंपणाचे शेजारी आता समोरासमोरचे शेजारी झाले. पहिल्या दिवशी भुरभुरीत दलदलीची रांग मोजली. चिखलातून, ओल्या गवतातून दोर ओढत नेला आणि खुंट ठोकले. मग ऊन पडेपर्यंत काम थांबले, आणि उन्हात वाळूची रांग मोजली. त्यानंतर लोक घरे उभारायच्या मागे लागले. हिवाळा कुणासाठी थांबत नाही.

भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा यारोशच्या लक्षात आले. त्याचा गोठा जागेत बसेना. गाय दलदलीत उभी करावी लागणार. तो आपल्या शेवटच्या खुंटापाशी उभा राहिला आणि त्याने समोर पाहिले. समोर बोगुमिलचे घर असायला हवे होते. होतेही, पण सगळे नाही. निम्मे घर त्याच्या खुंटाच्या पुढे निघून गेले होते.

त्याने कुणाला काही सांगितले नाही. तो आठवत बसला. मोजताना बोगुमिल शीळ घालत होता. भुरभुरीत जेवायला बसले तेव्हा त्याने दोर मेंढीच्या कातड्याच्या कोटाखाली घेतला होता. आपला दोर माणूस कोटाखाली का लपवतो? कारभाऱ्याने त्याला आपल्या ताटातले मांस दिले होते. सगळ्यांना नाही, त्यालाच. एकेक गोष्ट साधी होती. पण यारोशने त्या एकापुढे एक मांडल्या आणि त्यांचा रस्ता झाला, सरळ बोगुमिलच्या दारापर्यंत.

"माझी जागा पुन्हा मोज," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

बोगुमिलने दोर आणला. दिवस कोरडा होता. यारोशच्या जागेवर दोर ताणला तर तो खुंटापलीकडे चांगला वीतभर गेला. शेजारच्या जागेवर ताणला, तिथेही तसेच. वाळूच्या रांगेत मात्र प्रत्येक जागेवर दोर नेमका बसला, जोडा पायात बसावा तसा.

"दोन दोर आहेत," यारोश म्हणाला. "आम्हांला मोजायला आखूड, तुम्हांला मोजायला लांब. आखूड कुठं ठेवलायस?"

"दोर एकच आहे," बोगुमिल म्हणाला.

"मग हे काय?"

"मला माहीत नाही, यारोश."

हेच यारोशला सगळ्यांत खटकले. खोटे बोलणाऱ्याकडे कारण तयार असते. हा तर कारणसुद्धा देत नाही, म्हणजे किती पोचलेला असेल.

दलदलीकडच्या सगळ्या रांगेने ओरड केली. कारभाऱ्याला वर सरदाराला तोंड दाखवायचे होते. त्याने निवाडा दिला. संत मार्तिनच्या सणापर्यंत, म्हणजे पहिला बर्फ पडतो त्या सुमाराला, आखूड दोर हजर झाला नाही तर बोगुमिलने बायकोसह गाव सोडायचे, आणि त्याची जागा ज्याचे नुकसान सगळ्यांत उघड आहे त्या शेवटच्या माणसाला, यारोशला, मिळायची.

झडती झाली. गवताचे छप्पर उचकून पाहिले, पिठाचे पिंप रिकामे केले. बोगुमिलची बायको दोरोता दारात हात बांधून उभी होती. यारोशने तिची लग्नाची पेटी उघडली तेव्हा ती म्हणाली, "उशी पण फाडून बघा, यारोशभाऊ. पिसं निघतील. तुमचं डोकं फाडलं तर काय निघेल देव जाणे."

काहीच सापडले नाही. यारोशच्या लेखी हाच पुरावा. नीट लपवलेली वस्तू सापडत नसते.

आता प्रश्न आला, तो एक दोर ठेवायचा कुठे. बोगुमिलकडे ठेवला तर तो त्याला कापून आखूड करील आणि म्हणेल, बघा, दलदलीच्या मापात बसतो. कारभाऱ्याकडे ठेवायला यारोश राजी नव्हता, मांसाचा तुकडा तो विसरला नव्हता. पाद्रीबाबा वाळूच्या रांगेत जेवायला जात. शेवटी ठरले, चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. चर्च गावाने सगळ्यांत आधी उभारले होते, ओंडक्यांचे. दोराचे एक टोक एका कोपऱ्याला बांधले. दुसरे पलीकडच्या कोपऱ्यावर खुंटीवरून खाली सोडले. पण दोर सैल राहिला तर मधे कुणी दुमडून गाठ मारील, असे यारोशच्या मनात आले. म्हणून त्याने त्या टोकाला धोंडा बांधला. धोंडा जिथे लोंबला, तिथे ओंडक्यावर सुरीने खाच पाडली. दोन्ही गाठींवर आपल्या पोळ्यांचे मेण ओतले आणि मेणात अंगठा दाबला. मग समोर एक बाक टाकून तो दिवसभर बसू लागला. पोळ्यांकडे बघायचे सोडून दिले. लोक येता जाता विचारायचे, "काय यारोश, आज पळाला का दोर?"  विचारणारा कुणाचा माणूस, तेवढे तो मनात ठेवायचा.

मग एका सकाळी पुन्हा भुरभुर आली.

यारोश डोक्यावर पोते घेऊन बसला होता. त्याचे लक्ष धोंड्याकडे गेले आणि तो ताडकन उठला. धोंडा खाचेच्या वर होता. तो जवळ गेला. चांगला वीतभर वर. कापला, त्याला वाटले, कापलाच शेवटी. तो एका गाठीकडून दुसऱ्या गाठीकडे धावला. मेण जसेच्या तसे. मेणात अंगठा त्याचाच. दोराला कुठे जोड नाही, दुमड नाही.

कुणाला हाक मारावी, तर कुणाला? जो येईल तो म्हणेल, राखायला तूच होतास. आयुष्यात पहिल्यांदा यारोशचा संशय फिरून यारोशवरच आला, असे सांगतात. तो गुपचूप बाकावर बसून राहिला. दुपारी वारा फिरला, ऊन आले. धोंडा खाली यायला लागला. डोळ्यांना दिसणार नाही इतका सावकाश, पण संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा तो खाचेशी येऊन थांबला होता.

यारोशने छातीवर क्रूस काढला. बोगुमिलने जादू केली म्हणावी, तर बोगुमिल दिवसभर समोर घराला फळ्या ठोकत होता. कापलेला दोर पुन्हा वाढत नाही. दुसऱ्या दिवशी कडक ऊन होते. यारोशने विहिरीवरून बादली भरून आणली, इकडे तिकडे पाहिले, आणि पाणी दोरावर टोकापासून टोकापर्यंत ओतले. आणखी एक बादली ओतली. मग धोंड्यापुढे मांडी घालून बसला. धोंडा वर सरकू लागला, कुणी झोपेत पाय आखडून घ्यावा तसा.

जे पाणी आपणच ओतले, त्याचा संशय कुणावर घ्यायचा?

त्याला सगळे समजले. दलदलीची रांग ओल्या दोराने मोजली होती, वाळूची कोरड्या. दोर एकच होता. बोगुमिल खरे बोलत होता, आणि त्याला खरेच काही माहीत नव्हते. त्याचे दोर एरवी गायी बांधायचे, आणि गाय बांधायच्या दोराची लांबी पावसात कधी कुणी पाहते का?

पण समजणे एक आणि सांगणे दुसरे. यारोश गप्प राहिला असता तर समोरची लांब जागा त्याची होती. गोठा बसला असता, गाय कोरड्यात उभी राहिली असती. बोलला तर गोठा तर जाणारच, वर गावभर हसे. तो सणापर्यंत बोलला नाही. हे आम्ही त्याची बाजू घेऊन लपवत नाही. बाकावर बसून तो खाचेकडे बघत राहिला, आणि लोकांना वाटले, केवढा राखतोय.

संत मार्तिनच्या सणाचा दिवस कोरडा आणि गार होता. बोगुमिलची गाडी भरून चौकात उभी होती. वर पिठाचे पिंप, कोंबड्यांची टोपली, आणि दोरोता. कारभारी म्हणाला, "आखूड दोर आणलास?" बोगुमिल म्हणाला, "नाही. असता तर आणला असता." त्याने बैलाच्या मानेवर हात ठेवला.

"थांब," यारोश म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की तो कारभाऱ्याने ऐकलाच नाही. मग तो पुढे होऊन गाडीच्या चाकाला धरून उभा राहिला. "पाणी आणा. दोरावर ओता."

लोक हसले. कारभारी म्हणाला, "कशाला? तहान लागलीय त्याला?"

कुणी हलेना. तेव्हा दोरोता गाडीवरून उतरली. विहिरीवर गेली, बादली भरून आणली, आणि यारोशकडे एकदा पाहून तिने ती दोरावर रिकामी केली. तिला वाटले असेल, जाता जाता याच्या डोक्यावर ओतावी. पण ओतली दोरावरच. दुसरी ओतली. लोक बराच वेळ थंडीत उभे राहिले. आणि धोंडा खाच सोडून वर गेला.

 मग दलदलीच्या रांगेतून एक आवाज आला, "हा यारोशही आता बोगुमिलला मिळाला." आणि त्याच रांगेतून दुसरा, "ओल्याच दिवशी आमची रांग कुणी मोजायला सांगितली?" कारभाऱ्याने टोपी डोळ्यांवर ओढली, कारण त्या दिवशी मोजायला सांगितले होते त्यानेच.

बोगुमिलने पुढे होऊन ओल्या दोरावर बोट फिरवले. "ओली गाठ सुटत नाही, एवढं ठाऊक होतं," तो म्हणाला. "पुढचं कधी पाहिलं नाही." गाडी उलटी फिरली.

भिंती उभ्या झाल्या होत्या, छपरे चढली होती. हिवाळ्याच्या तोंडावर आता पुन्हा कोण मोडणार? म्हणून रांगा तशाच राहिल्या. पण दोन्ही रांगांनी त्याच भिंतीपाशी शपथ घेतली, की यापुढे पावसाच्या दिवशी जो मोजून देईल, त्याने मापावर एक वीत वर द्यायची. आपण कमी मोजतो आहोत हे ज्याचे त्यालाही कळत नसेल, त्याच्या चुकीची ती वीत, आणि तिची आठवण म्हणून चौक वाकडाच ठेवायचा.

आजही पाऊस असला की आमच्या बाजारात कापडवाला मीटर मोजून वीतभर कापड पुढे सोडतो. हार्डवेअरच्या दुकानात नळी मागा, पोरगी लोखंडी टेपने मोजते आणि तरी वीत सोडते. लोखंड आखडत नाही, हे तिलाही कळते. ढग आले की खरेदीला निघणारे काहीजण आहेत, त्यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. आणि वाळूकडचे म्हातारे आजही हळूच सांगतील, की पहिल्या दिवशी दोर दलदलीकडच्यांनीच मुद्दाम भिजवला असणार. का भिजवला असणार, ते विचारले तर आभाळाकडे बघतात.

यारोशने माफी मागितली का, यावर दोन मते आहेत. पण एवढे सगळेच सांगतात. सणानंतर पुन्हा भुरभुर लागली, तेव्हा तो चौक ओलांडून गेला आणि मधाचे मडके घेऊन बोगुमिलच्या दारासमोर उभा राहिला. ना टकटक केली, ना परत फिरला. पाणी टोपीवरून मानेत उतरत होते. आत बोगुमिल दोर वळत बसला होता. त्याने खिडकीतून बराच वेळ पाहिले, हातातला पेड संपू दिला, मग दार उघडले आणि म्हणाला, "आत ये, यारोश. तिथं उभा राहिलास तर तूही आखडशील."