केरबाने कपाट पक्कं बसवलं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा, अंजनाचा. गाव दुसरा शब्द वापरायचं.

सासऱ्यांनी त्याला न्हाणीघरात टांगायला एक कपाट दिलं होतं. सागवानी, आरशाचं, चांगलं जड. वर्ष झालं तरी ते जमिनीवरच होतं. शेवटी सासऱ्यांचा निरोप आला, "उद्या येतोय. कपाट वर टांगलेलं दिसलं नाही तर माघारी घेऊन जाईन." अंजनाच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या आळीला तिने ते कपाट कौतुकाने दाखवलं होतं.

केरबा लगेच उठला. कपाटात तेलाच्या बाटल्या, साबण, डबे ठासून भरलेले. त्याने तसंच उचललं. तेल घरभर झालं.

"अवो, भरल्यालं कुनी उचलतं व्हय? आधी रिकामं करायचं, मग उचलायचं!"

"बरं," केरबा म्हणाला. सांगितलेलं ऐकायचं, हा त्याचा मोठा गुण.

आता फरशी धुवायला पाणी हवं. केरबा नळावर गेला. त्याने हंडा काठोकाठ भरला, मग ओतून रिकामा केला आणि उचलून घरी आणला.

"अवो, हंडा भरल्यालाच आनायचा! खालनं हात लावून, घट्ट धरून. जाग्यावर टेकवल्याबिगर सोडायचा न्हाई!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी एसटीतून सासरे उतरले. केरबाने खालून हात लावून त्यांना उचललं. भर पेठेत सासऱ्यांनी हातपाय झाडले, शिव्या घातल्या. केरबाने सोडलं नाही. घरी हंड्याशेजारी टेकवलं, मगच सोडलं.

अंजनाला रडूच आलं. "चारचौघांत माझ्या बापाची शोभा केली! हितनं पुढं काय करायचं ते दार लावून करा!"

"बरं."

सासरे मात्र भला माणूस. धुळीने माखले होते, अंघोळ हवी होती, तरी म्हणाले, "आधी कपाट टांगा, जावईबापू. जागा ठोकून बघा. पोकळ वाजली तर सोडा, भरीव वाजंल तिथंच स्क्रू मारा. भार एकीकडंच टाकू नका, दोन्हीकडं वाटून द्या. मग ओढून बघायचं. हललं न्हाई म्हंजे झालं."

केरबा न्हाणीघरात गेला. आठवणीने दार लावून घेतलं. भिंती ठोकल्या. गिलावा जुना, सगळीकडे पोकळ. मग दार ठोकलं. भरीव! शेजारची चौकट ठोकली. तीही भरीव! त्याने निम्मे स्क्रू चौकटीत मारले, निम्मे दारात. भार अगदी वाटून दिला.

बाहेर सासरे खांद्यावर पंचा टाकून उभे होते. त्यांनी दार ढकललं. मग ओढलं. अंजनाने ओढलं. शेजारीपाजारी आले, त्यांनीही जोर लावला. कपाट तसूभर हललं नाही.

आतून केरबाचा हरखलेला आवाज आला, "मामा, आता न्या बघू माघारी!"