न उघडलेली फाइल

दुपारी कोर्टात अहवाल द्यायचा होता आणि सायबर प्रयोगशाळेचे संचालक बोंद्रे साहेब सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. जप्त संगणकातल्या तीन लाख फायलींपैकी तिथली तपासनीस शलाका तुंगार हिने चाळीसच तपासायला ठेवल्या होत्या.

"बाकीच्या उघडल्यासुद्धा नाहीत?"

"साहेब, फाइलच्या मजकुरावरून हॅश नावाचा आकडा निघतो. ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलच्या आकड्याशी तो जुळला की फाइल बाजूला. नाव बदललं तरी आकडा तोच राहतो, आत एक अक्षर बदललं तर मात्र बदलतो."

"मग न उघडता ही ओळखा. नाहीतर उद्यापासून येऊ नका." साहेबांनी स्वतःच्या यंदाच्या वार्षिक अहवालाची फाइल पेनड्राइव्हवर पुढे केली.

शलाकाने आकडा काढून कार्यालयातल्या जुन्या फायलींशी ताडला.

"गेल्या वर्षीचाच अहवाल आहे, साहेब. नाव तेवढं बदललंय, आतला स्वल्पविरामसुद्धा नाही."

येरझाऱ्या थांबल्या. "चाळीसच तपासा," साहेब म्हणाले.