झिजलेली जागा

माणसं घरं भाड्यानं देऊ लागली, त्याच्याही आधी ही रीत झाडांवर होती. तेव्हा एका नव्यानंच लग्न झालेल्या साळुंकीनं आणि तिच्या नवऱ्यानं सुतारपक्ष्याची जुनी ढोली भाड्यानं घेतली. ढोली हवेशीर होती, पण आतली लाकडी जमीन दाराजवळ खडबडीत आणि मागं झिजून खोलगट झालेली.

"आईला ही जमीन दाखवायची म्हणजे लाजच," नवरा म्हणाला. आई दूरच्या पिंपळावर राहायची, पण तिचा धाक आधीच इथं मुक्कामाला आला होता.

त्यानं सुतारपक्ष्याला बोलावून जमीन सपाट करून द्यायला सांगितलं. सुतारपक्ष्यानं दाराकडून तासायला घेतलं. संध्याकाळपर्यंत अर्धी जमीन आरशासारखी गुळगुळीत झाली. "उरलेली उद्या," म्हणून तो गेला.

पहाटे साळुंकीनं त्या गुळगुळीत भागावर पहिलं अंडं घातलं. कौतुकानं वळून बघते तो काय, अंडं घरंगळत दाराकडे निघालेलं! तिनं पंख आडवा टाकून ते अगदी उंबऱ्यावर अडवलं आणि हळूहळू ढकलत मागच्या खोलगट जागेत नेलं. तिथं ते हललंसुद्धा नाही. आपल्याआधी इथं किती जणी बसल्या असतील, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

उजाडताच सुतारपक्षी हजर. "ऊठ गं सूनबाई, राहिलेलं तासून टाकतो."

"ऊठ ना," नवराही म्हणाला. "आई निघालीसुद्धा असेल."

साळुंकी पंख पसरून बसूनच राहिली.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि आई आल्या की विचारा त्यांना, त्यांनी तुमचं अंडं सपाट जमिनीवर ठेवलं होतं का."