सरळ नाही म्हणायचं

करंजाळी गाव सरहद्दीवरचं. डोंगरातले बंडखोर अधूनमधून खाली उतरायचे आणि गावातून भाकरी घेऊन जायचे. बंदोबस्ताला आलेल्या सरदार हैबतरावांनी चावडीपुढे हुकूम सोडला, "बंडखोरांना जेवू घालणारं घर जाळून टाकीन! मागायला आले, तर सरळ नाही म्हणायचं. त्यात काय अवघड आहे?"

गर्दीत म्हाळसाबाई पाटलीणही ऐकत होत्या. परवाच त्यांच्या चुलीवरच्या भाकरी डोंगरात गेल्या होत्या.

दुपारी सरदार स्वारांसह त्यांच्याच अंगणात उतरले. "पाटलीणबाई, पानं वाढा."

"नाही."

"काय म्हणालात?"

"नाही वाढत."

सरदारांची तलवार अर्धी म्यानाबाहेर आली. "जिवावर उदार झालात की काय?"

म्हाळसाबाईंनी आत हाक दिली, "सूनबाई, तवा ठेव." मग त्या सरदारांकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत तसं सरळ नाही म्हणून पाहिलं. तुम्ही तर आमचे राखणदार, तरी माझं 'नाही' तलवार दिसेपर्यंतच टिकलं. डोंगरातल्यांपुढे किती टिकेल, ते तुम्हीच सांगा."

हैबतरावांनी तलवार म्यान केली आणि ते जेवायला बसले. हात धुताना त्यांनी घरं जाळायचा हुकूम मागे घेतला आणि निम्मे स्वार खिंडीत बसवले. बंडखोरांना नाही म्हणायचं काम आता त्यांचं होतं.