लॉर्ड ऑब्रींच्या चौथऱ्यावरची ओळ

पुतळा उभा राहिला, पण खाली काय कोरायचं तेच ठरेना.

इंग्लंडातल्या थॉर्नमियर घराण्याचे थोरले लॉर्ड ऑब्री उभा जन्म पार्लमेंटात बसले आणि बसल्या जागी झोपले. त्यांचं एक भाषण कुणी ऐकलं असेल तर शपथ. पण त्यांचे चिरंजीव लॉर्ड बार्नबी यांना वडिलांचं नाव गावच्या चौकात अजरामर करायचं होतं. लंडनच्या एका विद्वानानं ‘थोर वक्ते’ असं सुचवलं. लॉर्डसाहेबांनी ते चौकात वाचून दाखवलं, तर अख्खं गाव हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती टॅबिथा, त्यांची बग्गी हाकणाऱ्या सायलसची मुलगी.

लॉर्डसाहेबांनी तिला हवेलीवर बोलावून घेतलं.

“फार हसू येतं ना तुला? मग आता तूच मजकूर सांग. स्तुती हवी, त्यात एक शब्द खोटा नको, आणि ऐकून कुणी हसता कामा नये. जमलं नाही, तर तबेल्यावरची खोली रिकामी करा. तू आणि तुझा बापही.”

सायलसनं गयावया केली, मुलीच्या वतीनं माफी मागितली. लॉर्डसाहेब ढिम्म. टॅबिथानं मात्र रविवारपर्यंत मुदत मागून घेतली.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे चौकात जमले. काही जण तर हसायच्या तयारीनंच आले होते. टॅबिथा पुतळ्यापाशी गेली आणि शांतपणे म्हणाली,

“यांच्या हातून देशाचं कधीही नुकसान झालं नाही.”

कुणी हसलं नाही. लढाईत एक पाय गमावलेल्या म्हाताऱ्या लोहारानं हळूच टोपी काढली. मग बाकीच्यांनीही काढल्या.

लॉर्डसाहेब मात्र बुचकळ्यात पडले. तिला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “खरं सांग, ही स्तुती आहे की टवाळी?”

“साहेब, आपल्या घराण्यातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाखाली हीच ओळ घालून बघा. खरी ठरली, तर टवाळी समजा.”

लॉर्डसाहेब विचारात पडले. आजोबांनी धुराड्यांवर कर बसवला होता. पणजोबांनी उगाच युद्ध उकरून काढलं होतं आणि आरमार बुडवून घरी जेवायला आले होते. चुलत्यांचं तर नावच नको. एकेकाला आठवत ते गालातल्या गालात हसू लागले, आणि शेवटी पुतळ्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्यांनी पाथरवटाला छिन्नी घ्यायला सांगितलं आणि तबेल्यावरची खोली सायलसला कायमची देऊन टाकली.

“आणि माझ्या पुतळ्याखाली काय लिहिशील?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“साहेब,” टॅबिथा म्हणाली, “आपण अजून जागे आहात. आत्ताच कसं सांगू?”